चार आण्यांचा प्रिंटर, बारा आण्यांची शाई

(घरासाठी प्रिंटर घेताना आपण यंत्राची किंमत पाहतो, शाईचा हिशेब मात्र विसरतो. तो कसा मांडावा हे सांगणाऱ्या नभोवाणी-भाषणाचे हे संपादित रूप.)

संगणक शिकवणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. त्यामुळे ओळखीचे लोक भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात, ‘‘सर, घरी प्रिंटर घ्यायचाय. कुठल्या कंपनीचा घेऊ?’’ विचारणाऱ्याला एका नावाची अपेक्षा असते. मी मात्र उलट विचारतो, ‘‘महिन्याला पानं किती काढणार?’’ यावर बहुतेक जण गोंधळतात, कारण दुकानात हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसतो. तिथे चर्चा होते ती किंमत, वायफाय आणि खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांची. वास्तविक घरगुती इंकजेट प्रिंटर निवडताना पानांच्या संख्येइतकी महत्त्वाची गोष्ट दुसरी नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही आपली म्हण जणू याच यंत्रासाठी तयार झाली असावी.

माझ्या परिचयाच्या एक बाई घरी गणिताच्या शिकवण्या घेतात. वीस मुले. दर आठवड्याला प्रत्येकाच्या हातात दोन पानांची सराव प्रश्नपत्रिका द्यावी, म्हणून त्यांनी सणाच्या सवलतीत चार हजारांचा प्रिंटर आणला. सोबत आलेले कार्ट्रिज तीन आठवड्यांत संपले. नवे आणले ते आठशे रुपयांना. ते महिनाभर पुरले. पुन्हा आठशे. सहा महिन्यांनी त्यांनी वहीत हिशेब मांडला, तेव्हा एका मुलाची पूर्ण फी दर महिन्याला शाईत जात असल्याचे दिसले. मग प्रश्नपत्रिका फळ्यावर लिहून देणे सुरू झाले आणि प्रिंटरवर टेबलक्लॉथ आला. यंत्र बिघडले नव्हते. ते त्या कामासाठी नव्हतेच, एवढेच.

मुळात प्रिंटर हवा का?

खरेदीला निघण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. वर्षभरात घरातली छपाई कशी होते ते आठवावे. मुलांचे प्रोजेक्ट, परीक्षेचे हॉल तिकीट, सातबारा उतारा, रेल्वेचे तिकीट, बँकेचा एखादा फॉर्म, आधार कार्डाची प्रत. यातली बरीच कागदपत्रे आता मोबाईलवर दाखवली तरी चालतात. उरलेली पाने महिन्याला दहा भरत असतील आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला एका पानाच्या प्रिंटचे पाच रुपये घेत असेल, तर खर्च होतो महिन्याला पन्नास, वर्षाला सहाशे रुपये. तेवढ्यासाठी चार हजारांचे यंत्र घेणे, त्याची शाई सांभाळणे, ते बंद पडले की सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या झिजवणे परवडत नाही. अशा घराला मी स्पष्ट सांगतो, घेऊ नका.

मात्र पैशांपलीकडचीही कारणे असतात. झेरॉक्सच्या दुकानात आपण आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे स्टेटमेंट दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो किंवा त्याच्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावतो. आपण घरी येतो, आपली कागदपत्रे तिथेच राहतात. दुकानदार सज्जन असला तरी त्याचा संगणक दिवसभर कितीतरी जण हाताळत असतात. निदान आधारची प्रत बाहेर काढायची असेल, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून घेता येते, ती वापरावी. पण ज्यांच्या घरी अशी कागदपत्रे वारंवार लागतात, ज्यांच्या घरात चालणे अवघड झालेली वडीलधारी माणसे आहेत, किंवा ज्यांचे गाव दुकानापासून दूर आहे, त्यांना प्रिंटरची सोय केवळ पैशांत मोजता येणार नाही.

थेंबाची गोष्ट

निवड नीट करायची तर यंत्र चालते कसे हे थोडे समजून घ्यायला हवे. इंकजेटच्या आधी घरोघरी आणि कचेऱ्यांत होता तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. शाईच्या फितीवर बारीक सुया आपटून तो अक्षर उमटवतो आणि काम करताना सारे घर डोक्यावर घेतो. बँकेत पासबुक भरून देताना जो कर्रकर्र आवाज येतो, तो त्याचाच. इंकजेटमध्ये कागदावर काहीच आपटत नाही. केसापेक्षाही बारीक अशा शेकडो छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडवले जातात. छिद्रे असलेल्या या भागाला हेड म्हणतात. थेंब मोजतात पिकोलिटरमध्ये. एका मिलिलिटरमध्ये असे शंभर कोटी पिकोलिटर मावतात, यावरून त्या थेंबाच्या आकाराची कल्पना यावी.

थेंब उडवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली उष्णतेची. छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो सेकंदाच्या काही लाखांश भागात शाई इतकी तापवतो की तिथे वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि पुढचा थेंब बाहेर ढकलला जातो. कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेला सोल्डरिंग गन चुकून लागला आणि सुईतून शाई उडाली, त्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. सुमारे त्याच काळात अमेरिकेत एचपी कंपनीतील मंडळीही स्वतंत्रपणे याच मार्गावर होती. एचपीचा थिंकजेट १९८४ साली बाजारात आला आणि १९८८ साली आलेल्या डेस्कजेटची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. आज आपण चार हजार रुपयांत जे घरी आणतो, त्याची सुरुवात इतकी महाग होती.

दुसरी पद्धत पायझो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते. आपल्या स्वयंपाकघरातला बिनबॅटरीचा गॅस लायटर याच तत्त्वावर चालतो. खटका दाबला की आतल्या स्फटिकावर आघात होतो आणि ठिणगी पडते. प्रिंटरमध्ये याच्या उलट घडते. स्फटिकाला वीज दिली की तो किंचित वाकतो आणि पिचकारी दाबल्यासारखा थेंब बाहेर फेकतो. एप्सन आणि ब्रदर या कंपन्या ही पद्धत वापरतात.

घेणाऱ्याला या दोन पद्धतींचा उपयोग काय? उपयोग असा, की उष्णतेच्या पद्धतीतल्या अनेक स्वस्त प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. कार्ट्रिज बदलले की हेडही नवे मिळते. छिद्रे बुजली तरी नवे कार्ट्रिज टाकून सुटका होते. पायझो हेड मात्र यंत्राचा कायमचा भाग असते. ते टिकाऊ असते, पण बुजले आणि साफ झाले नाही तर दुरुस्तीचा खर्च मोठा. तेव्हा ‘‘हेड बुजलं तर मला बदलता येतं का आणि त्याला किती पडतात?’’ हा प्रश्न दुकानात जरूर विचारावा.

शाईचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. स्वस्त प्रिंटर स्वस्त असतो, कारण कंपनीची कमाई यंत्रावर नसून शाईवर असते. दाढीचे यंत्र स्वस्तात द्यायचे आणि पाती विकत राहायची, तसाच हा व्यवहार. यात बेकायदा काही नाही, पण आपल्याला तो माहीत असला पाहिजे. प्रिंटरसोबत मिळणारी कार्ट्रिजेस अनेकदा कमी भरलेली असतात. शिवाय तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असले, तर एक रंग संपताच उरलेल्या दोन रंगांसकट ते टाकून द्यावे लागते.

कार्ट्रिजच्या वेष्टनावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ते किती पाने छापेल हे दिलेले असते. नामांकित कंपन्यांचा हा आकडा आयएसओ २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार काढलेला असतो. पाच नमुना पाने सलग छापत जाऊन तो ठरवतात, त्यामुळे निरनिराळ्या यंत्रांची तुलना करायला तो चांगला. मात्र घरी आपण आज दोन पाने, चार दिवसांनी एक, असे छापतो. दर वेळी हेड साफ करण्यात शाई जाते. तेव्हा घरी त्याहून कमी पाने मिळतील असे धरून चालावे.

आता गणित करू. सोयीसाठी काही आकडे गृहीत धरतो. तुम्ही दुकानातले खरे आकडे घालून पाहा. समजा, कार्ट्रिजचा प्रिंटर चार हजारांचा. काळे कार्ट्रिज आठशे रुपयांचे, त्यातून पाने १६०. आठशे भागिले १६०, म्हणजे एका पानाला शाई पाच रुपयांची. दुसरीकडे शाईच्या टाकीचा प्रिंटर बारा हजारांचा. काळ्या शाईची बाटली चारशे रुपयांची, तिच्यातून पाने चार हजार. म्हणजे एका पानाला दहा पैसे. कागद दोन्हीकडे सारखाच. ५०० कागदांचे रीम तीनशे रुपयांना धरले, तर पानामागे साठ पैसे. म्हणजे टाकीच्या प्रिंटरमध्ये शाईपेक्षा कागद महाग पडतो!

दोन यंत्रांच्या किमतीत फरक आठ हजारांचा आणि एका पानामागे बचत चार रुपये नव्वद पैशांची. आठ हजार भागिले ४.९०, उत्तर येते सुमारे १,६३०. इतकी पाने झाली की महाग यंत्राने आपली जादा किंमत वसूल करून दिली. महिन्याला शंभर पाने काढणाऱ्याला त्यासाठी सव्वा ते दीड वर्ष लागते. पन्नास पाने काढणाऱ्याला पावणेतीन वर्षे. दहा पाने काढणाऱ्याला तेरा वर्षांहून अधिक, आणि तोवर प्रिंटर टिकणारच नाही. शिकवणीवाल्या बाईंची महिन्याला १६० पाने होती. त्यांचे आठ हजार दहा-अकरा महिन्यांत भरून निघाले असते आणि पुढे प्रश्नपत्रिकांचा खर्च जवळजवळ कागदापुरता उरला असता.

हे झाले काळ्या अक्षरांचे. रंगीत पानाला शाई अधिक लागते आणि पानभर फोटोला तर कितीतरी पट. म्हणून रंगीत छपाई किती, हे वेगळे मोजावे.

बाटलीतली शाई कशी आली?

टाकीच्या प्रिंटरचा इतिहास आपल्यासारख्या ग्राहकांनीच घडवला. महागड्या कार्ट्रिजवर आपल्याकडे उपाय निघाला तो सिरिंजचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत कार्ट्रिज भरून देणारी दुकाने निघाली. पुढे काहींनी प्रिंटरच्या बाजूला बाटल्या बसवून नळ्यांनी शाई आत नेण्याची जोडणी केली. तिच्यामुळे वॉरंटी जायची, कधी शाई सांडून टेबल रंगायचे, पण पान स्वस्त पडायचे. आशियातल्या इतर देशांतही हेच चालले होते. अखेर कंपन्यांनी शहाणपण दाखवले. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर आणला. नंतरच्या वर्षांत कॅनन, एचपी आणि ब्रदर यांनीही तोच मार्ग धरला. ग्राहक जे जुगाड करून करत होता, ते आता वॉरंटीसह मिळते.

कार्ट्रिज पुन्हा भरण्याला काही कंपन्यांनी चिपचा अडसर घातला. दुसऱ्याचे कार्ट्रिज बसवले की यंत्र ते नाकारते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. पेटंटच्या नावाखाली ते भरून विकणाऱ्याला अडवता येत नाही. चिप मात्र राहिली. त्यामुळे ‘‘याला बाहेरचं कार्ट्रिज चालतं का? इंटरनेटवरून सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावरही चालेल का?’’ हे दोन्ही प्रश्न विचारावेत.

शाई कोणती?

इंकजेटची शाई दोन प्रकारची. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, साखर चहात विरघळावी तसा. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. डाय शाई कागदात मुरते. रंग झळकतात, फोटो खुलतात, पण साध्या कागदावर पाणी पडले की अक्षरे पसरतात आणि उन्हात रंग उडतात. पिगमेंटचे कण कागदाच्या पृष्ठभागावर बसतात. अक्षर ठळक आणि काठ रेखीव दिसतात, पाण्याने सहसा पुसत नाहीत.

आपल्या पावसाळ्यात हा फरक फार जाणवतो. रेनकोटच्या खिशातले हॉल तिकीट ओले झाले आणि आसनक्रमांक फिसकटला, की त्या मुलाचे काय होत असेल! अर्ज, दाखले, करारपत्रे छापायची असतील, तर काळी शाई पिगमेंट असलेला प्रिंटर घ्यावा. अनेक यंत्रांत काळी शाई पिगमेंट आणि रंगीत शाया डाय अशी मांडणी असते. घरासाठी ती चांगली. काहींत चारही शाया डाय असतात. माहितीपत्रकात हे लिहिलेले असते. नसेल, तर दुकानात एक पान छापून घ्यावे, पाच मिनिटांनी त्यावर ओले बोट फिरवावे. उत्तर बोटावर दिसेल.

चार शाया म्हणजे आकाशी निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. पहिल्या तिघांच्या मिश्रणातून बाकीचे रंग तयार होतात. निळा-पिवळा मिळून हिरवा, किरमिजी-पिवळा मिळून लाल. तिन्ही मिसळून काळाही होतो, पण तो तपकिरी, मळकट दिसतो आणि शाई तिप्पट जाते. म्हणून काळा वेगळा. छापताना संगणकात ‘काळे-पांढरे’ हा पर्याय निवडला नाही, तर काही प्रिंटर काळ्या अक्षरांसाठीही रंगीत शाई मिसळतात. नेहमीच्या कामासाठी तो पर्याय कायमचा निवडून ठेवावा.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर ४८००, ५७६० असे डीपीआयचे आकडे ठळक असतात. एका इंचात किती ठिपके बसवता येतात, ते हा आकडा सांगतो. पण हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० चित्रबिंदू पुरतात. चार बाय सहा इंचांच्या फोटोला २० लाखांच्या आसपास चित्रबिंदू झाले की काम भागते आणि हल्लीचा कोणताही मोबाईल त्याहून कितीतरी अधिक देतो. तेव्हा डीपीआयच्या शर्यतीत आपण धावू नये.

वेगाचेही तसेच. मिनिटाला ३० पाने असे लिहिलेले असते, ते बहुधा फिकट अक्षरांच्या घाईच्या छपाईचे. त्याच पत्रकात आयएसओ मानकाने मोजलेला वेगही असतो आणि तो पुष्कळ कमी असतो. तुलना त्यावरून करावी.

उपयोगाच्या गोष्टी वेगळ्या. स्कॅनर असलेला प्रिंटर घरी फार कामाचा, कारण झेरॉक्सही घरीच निघते. मात्र स्कॅनरची काच बहुतेकदा ए-फोर मापाची असते. वकिली किंवा नोंदणीच्या कामाचा लांब लीगल कागद छापता येतो, पण पूर्ण स्कॅन होत नाही. पाठपोट छपाई आपोआप होत असेल तर कागद निम्मा लागतो. मोबाईलवरून छापायचे तर वायफाय हवे. अनेक घरगुती प्रिंटर राउटरच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्याला जोडले जातात, हे जोडणी करताना लक्षात ठेवावे. म्हणजे ‘‘वायफाय लागतच नाही’’ म्हणून तक्रार करावी लागत नाही.

कागदाचे वजन जीएसएममध्ये देतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ए-फोर कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो. म्हणून ८० जीएसएमचा एक कागद पाच ग्रॅमचा आणि ५०० चे रीम अडीच किलोचे. ७० जीएसएमचा कागद एका बाजूला छापायला चालतो. पाठपोट छपाईला ७५ किंवा ८० बरा, नाहीतर मागची अक्षरे पुढे दिसतात. पावसाळ्यात कागद ओल धरतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात आणि अडकतात. उघडलेले रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे.

मराठी वाचकाला मी आणखी एक परीक्षा सुचवतो. दुकानात दाखवला जाणारा नमुना असतो फुलांचा किंवा पोपटाचा. आपण पेन ड्राइव्हमध्ये बारीक टाइपातले एक मराठी पान न्यावे. ते पीडीएफ स्वरूपात असावे, म्हणजे दुकानातल्या संगणकावर फाँट बदलून अक्षरांची मोडतोड होणार नाही. त्यात ‘ऱ्हस्व’, ‘कर्तृत्व’, ‘उद्ध्वस्त’, ‘सख्ख्या’ असे शब्द असावेत. रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि अनुस्वार स्वच्छ उमटतात का ते भिंगातून पाहावे. ‘चिंता’ची ‘चिता’ व्हायला एक टिंब पुरते!

न वापरल्याने बिघडणारे यंत्र

बहुतेक यंत्रे वापरून झिजतात. इंकजेट मात्र न वापरल्याने बिघडतो. छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते आणि पानावर पांढरे पट्टे येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे अधिक लवकर होते. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान काढावे. सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आल्यावर आधी चाचणीचे पान काढावे. पट्टे दिसले तरच हेड साफ करण्याची आज्ञा द्यावी. सतत साफसफाई करण्यात पुष्कळ शाई वाया जाते.

दुसरे, प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा आणि मग भिंतीवरचे बटण. प्रिंटरचे बटण दाबले की हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसते आणि त्याची तोंडे झाकली जातात. थेट भिंतीवरचे बटण बंद केले, तर ते उघडेच राहू शकते. शाईपेनचे टोपण न लावता ते खिशात ठेवण्यासारखेच हे. छपाई चालू असताना वीज गेली, तर वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करावा.

तिसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. साफसफाईत वाया गेलेली शाई यंत्राच्या तळाशी एका नमद्यासारख्या पॅडमध्ये जिरते. किती शाई जिरली याचा हिशेब यंत्र ठेवते आणि मर्यादा ओलांडली की सूचना देऊन थांबते. बाकी सर्व काही ठीक असताना यंत्र अडून बसते आणि लोकांना वाटते, प्रिंटर गेला. काही मॉडेलमध्ये हे पॅड सुट्या डब्याच्या रूपात असते आणि ते आपले आपण बदलता येते. काहींमध्ये सर्व्हिस सेंटरला जावे लागते. ‘‘वेस्ट इंकचं पॅड घरी बदलता येतं का?’’ हा प्रश्न विचारणारा ग्राहक विरळा. आपण तो विचारावा. वॉरंटीत ‘एक वर्ष किंवा इतकी पाने, जे आधी होईल ते’ अशी अट असते, तीही वाचावी. सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे की नाही, हे तर यंत्राच्या रंगरूपाआधी पाहावे.

कोणी कोणता घ्यावा?

महिन्याला दहा-पंधरा पाने असतील तर झेरॉक्सचे दुकानच बरे. रंगीत पाने जवळजवळ नाहीत, छपाई अधूनमधून, पण झाली की एकदम पन्नास पाने, अशा घराने इंकजेटचा हट्ट सोडून काळ्या-पांढऱ्या लेसर प्रिंटरचा विचार करावा. त्यातली टोनरची भुकटी कोरडी असल्याने वाळण्याचा प्रश्नच नाही. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या आणि दोन-दोन महिने मुलांकडे जाणाऱ्या माणसाला तो अधिक सोयीचा. शाळकरी मुलांचे घर, महिन्याला पन्नासच्या पुढे पाने, नकाशे, चित्रे, फोटो असतील तर टाकीचा इंकजेट, स्कॅनरसह. घरून शिकवण्या घेणारे, पापड-मसाल्याच्या पाकिटांवर लेबले लावणाऱ्या गृहउद्योगाच्या भगिनी, अर्ज भरून देणारे तरुण यांनीही टाकीचाच घ्यावा, आणि काळी शाई पिगमेंट पाहून घ्यावा. लेबलांना तेलाचे, पाण्याचे हात लागतात हे विसरू नये. मग कार्ट्रिजचा प्रिंटर कोणाचा? पाने थोडी, पण दर आठवड्याला न चुकता निघतात, आणि घरातून बाहेर पडणे अवघड आहे अशांचा. तिथे पाच रुपयांच्या पानात सोयीचीही किंमत आली.

जुना प्रिंटर असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत प्रिंटर आणि कार्ट्रिजही येतात आणि त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवा घेताना जुना परत घेण्याची सोय विचारावी.

कंपनीचे नाव मी अजून सांगितले नाही, आणि सांगणारही नाही. चारही मोठ्या कंपन्या चांगली यंत्रे करतात आणि दर वर्षी मॉडेल बदलतात. हिशेब मात्र बदलत नाही. आजपासून महिनाभर फ्रिजवर एक कागद चिकटवून ठेवा. घरातल्या कोणालाही प्रिंट लागली की त्याने त्यावर एक रेघ मारायची, रंगीत असेल तर फुली. महिन्याअखेर रेघा आणि फुल्या मोजा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.